आकाश बंद आहे

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की मी नोटीस लावते, आणि तासाभरात त्या नोटिशीखाली पेन्सिलीनं एक ओळ उमटते : 'आकाश बंद आहे.' पहिल्यांदा मी ती पुसली. दुसऱ्यांदा थेट चौथ्या मजल्यावर जाऊन जिंतूरकरांना जाब विचारला.

"मूळ बघा, सेक्रेटरीबाई, मूळ," ते शांतपणे म्हणाले. "लिफ्ट शब्दाच्या मुळाशी हवा आहे, आभाळ आहे. उचलणं म्हणजे आभाळाकडे नेणं. मी खोटं काय लिहिलं?"

सोसायटीची सेक्रेटरी या नात्यानं माझ्याकडे रोजची यादी असते. गळका नळ, पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं. त्या यादीत 'जिंतूरकरांशी बोलणे' हे काम कधी संपलंच नाही.

जिंतूरकर मूळचे परभणीकडचे. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याची इंग्रजी पुस्तकं लिहून निवृत्त झाले. तेव्हा साधे होते. इंग्रजी शब्दांची मुळं खणायचं वेड गेल्या वर्षी लागलं.

तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू रोज व्यायामशाळेत जातो. त्याला भर लिफ्टमध्ये म्हणाले, "वा! उंदीर चांगले पोसलेस की!" मसल म्हणजे लहानसा उंदीर, कातडीखाली पळताना दिसतो म्हणून. "त्यांच्या दंडात उंदीर, आपल्या दंडात बेटकुळी. प्राणी फक्त वेगळा." तो बिचारा पुढे कितीतरी दिवस पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून फिरत होता. सगळ्यांच्या खिडक्यांना एकसारख्या काचा हव्यात, असं मी पत्रक काढलं, तेव्हा उत्तर आलं, "विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. आधी वाऱ्याचा नंबर तपासा, मग काचा लावा."

ज्यांच्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी राहिली, ते बबनराव तळमजल्यावर राहतात. ते मला एकदा म्हणाले, "म्याडम, मानूस लई चांगला हाय. पन ह्येच्यासंगं पाच मिंटं बोललं, की आपलंच नाव आपल्याला परकं वाटाया लागतं."

एक गोष्ट मात्र खरी. कुणी चुकीचा शब्द वापरला, तर जिंतूरकर कधी हसत नाहीत. म्हणतात, "जुन्या हिशोबानं बरोबर आहे. शब्द चुकत नसतात हो, फिरायला गेलेले असतात."

त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूला झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द विस्कटले. हवा असतो एक, हाती येतो भलताच. पाहुणे दुरुस्त करायचे, मुलं तोंड दाबून हसायची. जिच्यासमोर वर्ग चिडीचूप व्हायचा, ती बाई हळूहळू स्वतःच गप्प झाली. खाली येणंही बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं, की काहीही करून त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर उरलेलं बोलणंही जाईल.

मला असल्या वेळी स्वस्थ बसवत नाही. मी चित्रांची कार्डं केली, कपाट, चमचा, छत्री, आणि एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. लिफ्ट अर्थातच बंद होती. पहिलं कार्ड चुकलं, मी बरोबर शब्द सांगितला. दुसरं चुकलं, पुन्हा सांगितला. चौथ्या कार्डाला मालतीबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीवर ठेवून दिले.

जिंतूरकर स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. कप ठेवून त्यांनी खिडकी उघडली. लवळ्याच्या डोंगरावर ढग उतरले होते. डोंगर कुठं संपतो आणि ढग कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. सगळा मुलूख तरंगत असल्यासारखा दिसत होता.

मालतीबाईंनी बराच वेळ बघितलं. मग ढगाकडे बोट दाखवून अडखळत म्हणाल्या, "हिल."

माझ्या तोंडून 'नाही' निघणारच होतं.

"बरोबर!" जिंतूरकर त्यांच्या शेजारी बसले. "फार पूर्वी क्लाऊड म्हणजे डोंगरच होता. खडक, टेकडी. लोकांनी वर बघितलं, आभाळात तसेच डोंगर दिसले, आणि तेच नाव वर गेलं."

बाईंनी त्यांच्याकडे मास्तरणीच्या नजरेनं पाहिलं. "खरं?"

"अगदी खरं. आणि स्काय म्हणजे तेव्हा ढग. सगळे एकेक मजला वर चढले, झालं."

मालतीबाई हसल्या. मग बोलू लागल्या. निम्मे शब्द भलतेच होते. जिंतूरकर एकेकाला घर शोधून देत होते. मी कार्डं पिशवीत घातली.

निघताना जिन्यात मी विचारलं, "आणि एखाद्या शब्दाचं मूळ सापडलंच नाही तर?"

"सापडतं," ते म्हणाले. "जरा लांब जावं लागतं."

लिफ्ट दुरुस्त झाली, त्या संध्याकाळी ती चौथ्या मजल्यावर थांबली आणि नवऱ्याचा हात धरून मालतीबाई आत आल्या. खूप महिन्यांनी. आत मी होते आणि वरच्या मजल्यावरच्या आपल्या भाडेकरूंचा नळ बघून परतणारे बबनराव होते. बटणांपाशी मी उभी होते.

"कुठं जायचं?" मी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

मालतीबाईंनी शब्द शोधला. "समुद्र," त्या म्हणाल्या. लगेच त्यांना कळलं. चेहरा उतरला.

मी जिंतूरकरांकडे पाहिलं. ते शोधत होते. डोळे मिटून, कुठं कुठं जाऊन शोधत होते, आणि या खेपेला त्यांना काहीच सापडत नव्हतं. मी शून्याचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट खाली निघाली.

"बरुबर हाय की, बाई," बबनराव एकदम म्हणाले. "हितं आदी आमचं भातखाचर हुतं. पावसाळ्यात गुडघ्याएवढं पानी. वारं सुटलं की लाटा यायच्या."

जिंतूरकरांनी डोळे उघडले. बबनरावांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

दार उघडलं. मालतीबाईंनी समोरच्या गुळगुळीत फरशीकडे क्षणभर पाहिलं. मग साडी घोट्यापर्यंत उचलून, अगदी जपून, पाऊल बाहेर टाकलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून हसल्या.