अकरा ते एकमधली बेपत्ता रेंज

या गल्लीत गुन्ह्याचा वास सगळ्यांत आधी ज्या नाकाला येतो, ते नाक माझं. नजर ससाण्याची, पावलं मांजराची आणि स्मरणशक्ती कुठल्याशा तिसऱ्या प्राण्याची, आत्ता आठवत नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं मी स्वतःचं स्वतः शिकलो, त्यामुळे माझ्या चुकांचा ठपका कुठल्याही मास्तरावर येत नाही. कचेरी बायकोच्या शिवणाच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे. हातात प्रकरण नसलं की मी तिला सुईत दोरा ओवून देतो. गेल्या वर्षभरात मी बराच दोरा ओवला.

कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काळ्या कापडावरचा काळा टाका ती बोटांनी चाचपून घालते. ऑपरेशनची तारीख इस्पितळ फोनवर कळवणार होतं. पहिला फोन सोमवारी केला म्हणे, पण तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही. बायको चौकशीला गेली तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, शुक्रवारी अकरा ते एकमध्ये शेवटचा एकदा लावू, लागला नाही तर नाव यादीच्या तळाला. म्हणजे आठ महिने. मी माझा नंबर द्यायला गेलो, तर नंबर बदलण्यासाठी आधी जुन्या नंबरवर फोन लागून खात्री व्हावी लागते, असा नियम निघाला. असा नियम करणाऱ्याला मोकळा का सोडलाय, असं मी विचारलं. त्यावर खिडकी बंद झाली.

मी प्रकरण हातात घेतलं. बायकोने नको म्हणून पाहिलं.

पहिलं निरीक्षणच थरारक होतं. मी बायकोचा फोन हातात घेतला की रेंजच्या दोन काड्या दिसत. जागेवर ठेवून दिला, की फोन करणाऱ्याला ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ ऐकू येई. म्हणजे गुन्हेगार मला ओळखत होता आणि माझ्यासमोर सभ्यपणे वागत होता.

पहिला संशय मोबाईल कंपनीवर. पंचवीस मिनिटं मला बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली आणि नकाशाप्रमाणे तुमच्या गल्लीत भरपूर रेंज आहे म्हणाली. नकाशात गल्ली गडद निळी आहे. मी म्हणालो, मग त्या निळ्या रंगालाच फोन लावा आणि उचलला तर मला कळवा. या कंपन्या टॉवर उभारत नाहीत, रंगपेट्या विकत घेतात, आणि पैसे आपल्याकडून रेंजचे कापतात. मुलीने शेवटी मला किती तारे देणार म्हणून विचारलं. मी जे दिलं त्याला तारे म्हणत नाहीत.

दुसरा संशय वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यावर. त्याचं एक्स-रे यंत्र लहरी गिळतं, असा माझा सिद्धांत. वेष पालटून, म्हणजे गालाला फडकं बांधून, मी त्याच्या खुर्चीत बसलो. यंत्र गेला महिनाभर बंद आहे एवढी माहिती मिळाली, पण त्यासाठी एक दाढ द्यावी लागली.

तिसरा संशय समोरच्या न्हाव्यावर. सात आरसे. काच उजेड परतवते, तर रेंज का नाही परतवणार? शुक्रवारी अकरा वाजता मी त्याला सगळ्या आरशांवर चादरी टाकायला सांगितलं. खुर्चीत गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं होतं. न्हावी शांतपणे म्हणाला, “दादा, बाहेर जाता की तुमचीही करू?”

परतलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. बायको मशीन थांबवून बसली होती. मी चौथा सिद्धांत मांडायला लागलो. ती म्हणाली, “अहो, आठ महिने मी गिऱ्हाइकांना काय सांगू?” एवढंच. मला चौथा सिद्धांत आठवेना.

तेवढ्यात माझी थोरली बहीण कोटाचं तुटलेलं बटण घेऊन आली. तिला संशोधनात रस नसतो. तिने सरळ बटणांचा डबा ओढला, घट्ट बसलेलं झाकण चमच्याने उचकटलं आणि आत बघून विचारलं, “वहिनी, यात फोन का ठेवलाय?”

“वन्सं, यांनी सांगितलं म्हणून.”

मी खुलासा केला. जुना फोन कापडाचा भुगा आत जाऊन मेला होता. तो खून मीच उघडकीला आणला आणि नव्या फोनला संरक्षण दिलं. पत्र्याचा डबा, हवाबंद झाकण. शिवाय फोन वाजला की बटणं खडखडणार, म्हणजे ऐकू न येण्याचा प्रश्नच नाही.

बहिणीने फोन बटणांतून उपसून काढला. “आधीच इथे रेंजची बोंब. ती बिचारी पत्रा फोडून आत शिरणार होती का?” तिने फोन टेबलावर ठेवला. दोन काड्या उगवल्या. मी तिथून चार हात लांब उभा असतानाही उगवल्या, ही गोष्ट मनाला लागली.

एकला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. बायकोने हात पुढे केला, पण पडद्यावरचे दोन ठिपके तिला एकसारखेच दिसत होते. मी तिचा हात धरला. नंबर अनोळखी होता, सापळा असू शकला असता. बहिणीने माझ्या हातावर लाकडी पट्टी मारली आणि हिरवा ठिपका दाबला.

इस्पितळच होतं. मंगळवार, सकाळी सात, उपाशीपोटी. बायकोने तारीख दोनदा म्हणून घेतली. मग पलीकडून सोबत कोण येणार असं विचारलं.

“मिस्टर येतील,” ती म्हणाली. मी ताठ झालो. “आणि नणंद येतील. इस्पितळ मोठं आहे, हे कुठे हरवले तर फोन लावून काही उपयोग नाही.”