मागच्या सीटवर आडवा हो

आमच्या शेजारचे आबा सावर्डेकर गाडीचा पट्टा हुंगतात.

सीटवर बसल्यावर छातीवरून बांधायचा तो पट्टा. गाडी कुणाचीही असो, आबा आत बसले की पहिलं काम हे. पट्टा शेवटापर्यंत ओढायचा, कुणी कधी बाहेर काढत नाही तो शेवटचा हातभर तुकडा नाकाला लावायचा आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "पुरातली आहे," म्हणजे कधीतरी पुरात बुडालेली. नाहीतर, "धुतलीय. पण आहे पुरातलीच."

"पुरातली नाही" हा निकाल मी अजून ऐकलेला नाही. माझा पुतण्या कोरी गाडी घेऊन पेढे द्यायला आला. बॉनेटवरचा हारसुद्धा सुकला नव्हता. आबांनी पट्टा हुंगला, पेढा हुंगला, आणि म्हणाले, "कारखान्यात पाणी शिरलं असेल." पुतण्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळं आयुष्य चिरेखाणीत गेलं. नातीनं वही आणून दिली आणि म्हणाली, आजोबा, आजीबद्दल लिहा. तिच्याबद्दल लिहायला बसतो आणि हात चालत नाही. आबांबद्दल चालतो. म्हणून आबा.

आबा सरकारी मोजणीदार होते. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि भावाभावांनी सरकवलेले हद्दीचे दगड परत जागेवर नेले. त्यामुळे समोर माणूस आला की हा कुठला दगड सरकवून आलाय, हे त्यांच्या मनात आधी. "दाखवतात ते बघू नये, शांताराम," असं मला रोज एकदा तरी सांगतात, "झाकतात ते बघावं."

लग्न झालं नाही. सहा मुली बघितल्या, सहाही जणींत काही ना काही झाकलेलं सापडलं. सातवीच्या बापानं म्हणे यांनाच बघितलं आणि दार लावून घेतलं. घरामागे स्वतःच्या हातानं लावलेली आठ कलमं आहेत. स्वतःच्या झाडाचा आंबा स्वतः काढतात, देठाशी नाक नेतात आणि मला विचारतात, "हापूसच ना रे?"

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा गडगा आहे. चिरे मी रचले, मोजणी त्यांची. आमची इंदू दर रविवारी त्या गडग्यावरून त्यांना घावणे द्यायची. आबा ताट घेत घेत विचारायचे, "वहिनी, नारळ आजचा ना?"

"नाही, गेल्या वर्षीचा. तुमच्यासाठी मुद्दाम ठेवला होता."

मग ते खाली मान घालून सगळे घावणे खायचे. त्यांना गप्प करणारं दुसरं माणूस मी बघितलं नाही.

इंदूला जाऊन आता दीड वर्ष झालं.

तर गेल्या शिमग्यानंतर आबा गडग्यापाशी आले. "शांताराम, गाडी घेतोय. जोराची."

त्यांच्याकडे वीस वर्षांची एक छोटी गाडी होतीच. गॅरेजवाला पार्ट बदलतो या संशयानं तिला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, "जोराची म्हणजे?"

"शून्यावरून शंभरावर सात सेकंदांत जाते."

"आणि जाऊन करते काय? पुढे हातखंब्याच्या नाक्यावर थांबावंच लागतं."

हसले नाहीत. तेव्हाच मला शंका आली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, बाजारात चालत जातो, पेन्शनीच्या कामाला एसटीनं जातो, याला पोरं शर्यतीला घेतात तसली गाडी कशाला? इतकी वर्षं हा जगावर संशय घेत होता, आता मी याच्यावर घ्यायला लागलो.

गाडी एकच, पण तिच्या पिढ्या दोन. मागली आणि नवी. मागलीचे गिअर हातानं टाकायचे, अंग चौकोनी, पेटीसारखं. तिचं बनणं बंद झालंय, म्हणजे घ्यायची तर वापरलेलीच. नवीचे गिअर आपोआप पडतात, पुढे टीव्हीएवढी काच, आणि छप्पर मागे उतरत गेलेलं, कासवाच्या पाठीसारखं. आबांनी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे मागली, उजवीकडे नवी. महिनाभर दुसरं बोलणं नाही.

"नवी जास्त पळते," एक दिवस म्हणाले, "पण एक गोष्ट कळली. तिच्या इंजिनाचा आवाज आत स्पीकरमधून येतो. बटण दाबलं की वाढतो."

"मग?"

"मग काय? जी गाडी स्वतःचा आवाज खोटा काढते, ती आणखी काय काय खोटं सांगत असेल!"

"मग मागली घ्या."

"मागली एकच मिळतेय, आणि ती चिपळूणची."

चिपळूण म्हटल्यावर पुढे बोलायची गरज नव्हती. गाडीवाला फोनवर शपथेवर सांगत होता की पुराच्या वेळी गाडी मुंबईला होती. आबा म्हणाले, "शपथ घेतोय म्हणजे बुडालीच."

नवी गाडी दाखवायला शोरूमचा माणूस कोल्हापुराहून आला. गळ्यात टाय, उन्हानं लालबुंद. "सर, ही नेक्स्ट जनरेशन आहे," म्हणाला. आबांनी पट्टा हुंगला, गालिचा उचलला, सीटखालचे स्क्रू खरवडले. मग मला म्हणाले, "शांताराम, मागच्या सीटवर आडवा हो."

"मी?"

"हो म्हटलं ना."

पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली उशी काढून माझ्या डोक्याखाली दिली. मी आडवा झालो. गुडघे पोटाशी, डोकं दाराच्या कडीवर. आबांनी टेप काढून डोक्यापासून टाचेपर्यंत मला मोजलं आणि वहीत उजवीकडे काहीतरी लिहिलं.

टायवाला म्हणाला, "सर, ही स्पोर्ट्स गाडी आहे. हिच्यात कुणी झोपत नाही."

"झोपायचंय कुणाला?" आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, तू कोल्हापूरला परत जातोयस ना, मग घाटमाथ्यापर्यंत मी चालवतो, आम्ही एसटीनं परत येऊ. पालीपर्यंत बैलगाडीसारखी हाकली. टायवाल्याला डुलकी लागली. साखरप्याला स्टँडसमोर थांबले, घड्याळ बघितलं, आणि जी मारली म्हणता! टायवाला जागा झाला तो देवाचं नाव घेतच. आंबा घाटाच्या वळणांना मी डोळे गच्च मिटून घेतले. भीतीनं नव्हे. त्या रस्त्यानं मी डोळे मिटूनच जातो.

वर टपरीपाशी गाडी थांबली. आबांनी घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं."

परतीच्या एसटीत मी विचार करत होतो. साखरपा ते घाटमाथा. या माणसाचं तिथं काय आहे? मला वाटलं, बाई असणार. या वयात! मी सरळ विचारलं, "आबा, साखरप्याला कोण आहे?"

"एसटी स्टँड आहे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आठ दिवसांनी चिपळूणच्या गृहस्थांची पाळी. आबांनी त्यांना गाडी घेऊन साखरप्याला बोलावलं. ते बिचारे आले ते कुरकुरतच. "अहो, घाटच बघायचा तर कुंभार्ली घाट माझ्या दारात आहे. हा उलटा फेरा कशाला?"

"हाच पाहिजे," आबा म्हणाले. पट्टा हुंगला. बराच वेळ हुंगला. निकाल दिला नाही, हे मला नवीन होतं. मग माझ्याकडे बघितलं. मी काही न विचारता मागे आडवा झालो. या गाडीत पाय लांब झाले. सीट सपाट, डोक्यामागे चार बोटं जागा राहिली. आबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. वहीत डावीकडे लिहिलं.

मागली निघाली. हिचा आवाज खरा होता, सीटमधून पाठीत शिरत होता. घाट लागला तसे मी डोळे मिटले. पण गाडी मधेच थांबली. डोळे उघडले तर ती जागा होती. कातळातून पाणी झिरपतं ते वळण. दीड वर्ष मी जे बघायचं टाळत होतो, तेच खिडकीत उभं.

"इथं कशाला थांबलात?" मी ओरडलोच.

चिपळूणचे गृहस्थ हात धुवायला म्हणून झऱ्याकडे गेले. शहाणा माणूस, लवकर परत आला नाही.

आबा पुढे बघत होते. स्टिअरिंग सोडलं नव्हतं. "त्या दिवशी इथं गाडी तापली. पाणी भरून, थंड करून पुन्हा निघेपर्यंत सत्तावीस मिनिटं गेली."

त्या सकाळी इंदूच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला हलवा. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. आबांनी त्यांची छोटी गाडी काढली. इंदूला मागे आडवं केलं, पण पाय मावेनात, माझ्या मांडीवर घ्यावे लागले. घाटात गाडीनं वाफ सोडली. घाटमाथा आला तेव्हा माझ्या मांडीवरचे पाय गार झाले होते.

"गाडीचा पाइप जुना होता," आबा म्हणाले. "गॅरेजवाल्यावर विश्वास नाही म्हणून मीच बांधलेला. आणि तू म्हणालास, अरे हाण की रे, ह्या तुझ्या डबड्यात जीव नाही, माझी बाई चाललीय."

मला आठवत नव्हतं. देवाशप्पथ आठवत नव्हतं. तीस वर्षांत मी त्यांना कधी अरे-तुरे केलेलं नाही. पण ते शब्द माझेच होते, माझ्याच तोंडचे, हे ऐकताक्षणी कळलं. मी चिरे फोडले तसंच आयुष्यभर बोललो. कुठला तुकडा कुणाला लागला ते वळून बघितलं नाही.

"आबा," मी म्हटलं, "कोल्हापूरचे डॉक्टर मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, विमानातून आणलं असतं तरी हातात काही नव्हतं."

आबा गर्रकन वळले. "कोण म्हणाला? कधी? मी कुठे होतो?"

"बाहेर. गाडीचं बॉनेट उघडून उभे होतात."

"लेखी दिलंय?"

"दिलंय."

"मग दीड वर्ष दाखवलं का नाहीस?"

 इंग्रजी कागद. मला वाचता येत नाही, आणि त्यावर तिचं नाव आहे म्हणून मी तो तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी घातला होता.

घरी आलो तसा काढून दिला. आबांनी ओटीवर बसून भिंग लावलं. शिक्का बघितला, तारीख बघितली, कागद उन्हात धरून बघितला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "इथून निघालो तेव्हाच वहिनींनी हद्द ओलांडली होती."

"होय."

कागद होता त्याच घड्यांवर दुमडला आणि मला परत दिला. हुंगला नाही.

मला वाटलं, संपलं, गाडीचं खूळ गेलं. चौथ्या दिवशी गडग्यापाशी हाक. "शांताराम, चल चिपळूणला. मागली घ्यायची ठरली."

"आता कशाला जोराची गाडी?"

"परवा तू हा गडगा ओलांडून आलास, तेव्हा तुझा दम ऐकला मी. भात्यासारखा वाजतो."

"मी ठणठणीत आहे."

"तू दाखवतोस ते मी बघत नाही," आबा म्हणाले.

वही त्यांच्या हातात उघडीच होती. मराठी मला वाचता येतं. उजवीकडे लिहिलं होतं, 'नवी. बावीस मिनिटं. शांताराम मावत नाही.' डावीकडे मिनिटांची जागा कोरी होती. खाली एकच ओळ. 'मागली. शांताराम मावतो, उशीसकट.'

गाडी दारात आली. "पुरातलीच आहे," आबांनी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, जसा काही तो तिचा मोठेपणा. मग नुसते बघत राहिले माझ्याकडे. मी मागचं दार उघडलं आणि आडवा झालो.

उशी आत होतीच. या खेपेस टॉवेल नव्हता. अभ्र्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं जास्वंदीचं फूल होतं, एक पाकळी जरा वाकडी. ती पाकळी वाकडी का झाली ते मला माहीत आहे. भरताना मी मधेच चहा मागितला होता. त्या दिवशी तिच्या डोक्याखाली दिली होती ती उशी. आबांच्या गाडीतून परत आणायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

आबा पुढे बसून पट्टा ओढत होते. मागे बघत नव्हते.

मी उशी नाकाला लावली आणि डोळे मिटले. साबणाचा वास आला.

धुतलीय. पण आहे तिचीच.