अजून एक पीळ

"आज दुपारी माझी लायसन्सची टेस्ट, आणि तुम्ही सकाळी गाडी उघडून बसलात?" बायकोने दारातूनच विचारले.

"उघडलीय कुठं? नुसतं ऑइल बदलतोय. मागच्या टेस्टला ऐनवेळी बंद पडली ना? आज बघ कशी पळते!" नवरा मोटारसायकलशेजारी पोते अंथरून आडवा झाला होता.

बायको शिवणकाम करायची. लायसन्स मिळाले की शिवलेले कपडे स्वतः पोचवता येतील, कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत, म्हणून ती जिवाचा आटापिटा करून गाडी शिकली होती. नवऱ्याची नळदुरुस्तीची कामे. गळतीवर त्याचा एकच उपाय होता: अजून एक पीळ. ही सवय घरातही चाले. त्याने लावलेली साखरेची बरणी बाकी कुणाच्या बापाला उघडायची नाही. तो कामावर असला की त्याची आई बिनसाखरेचा चहा प्यायची. कुणी विचारले तर म्हणायची, "मला डायबेटीस नाही हो, मुलगा आहे."

जुने ऑइल खाली ठेवलेल्या पातेल्यात काढून झाले, इंजिनाखालचा बोल्ट लागला, नवे ऑइल भरले. इथवर सगळे छान चालले होते. पण बोल्टच्या टोकाला एक थेंब लोंबताना दिसला आणि त्याचा हात पान्याकडे गेला. जोर पुरेना म्हणून त्याने पान्याच्या दांड्याला हातभर पाइप जोडला.

"अजून एक पीळ!"

बोल्ट आधी कुरकुरला, मग एकदम गुमान फिरू लागला. फिरता फिरता तो पातेल्यात पडला आणि त्यामागून नवेकोरे ऑइल.

"अरे मेल्या, ते दुधाचं पातेलं आहे!" आई ओरडली.

त्याने बोल्टला नळाची पांढरी टेप गुंडाळली, खुपसला. गळती चालूच. आणखी गुंडाळली. बोल्ट आत जाईना. समोरचे काका फाटकाशी थांबले. "काय हो, नळवाल्याच्याच दारात गळती?"

बायकोने मात्र टेस्टसाठी बाहेर काढलेला ड्रेस घडी घालून परत कपाटात ठेवला. "राहू द्या. पुढच्या महिन्यात देईन."

ती भांडली असती तर बरे, असे त्याला झाले. तो उठला आणि गाडी ढकलत गॅरेजकडे निघाला. चढ लागला तेव्हा गाडी अचानक हलकी वाटली. मागून बायको ढकलत होती.

गॅरेजवाल्याने वाकून पाहिले. "आटे गेले. अहो, हे इंजिन आहे, लोखंडी पाइप नव्हे." त्याने नवे आटे पाडले, मोठा बोल्ट काढला आणि पाना पुढे केला. नवऱ्याचा हात लगेच पुढे गेला. बायकोने त्यावर चापट मारली.

"तुम्ही लांब उभे राहा. मशीनच्या सुईचा स्क्रू मी रोज लावते." तिने बोल्ट बोटांनी फिरवला, पाना जरासा दाबला आणि सोडला. "बसला की थांबायचं."

ऑइल भरल्यावर खाली पुन्हा एक थेंब दिसला. तो कळवळला, "बघ, गळतंय!" तिने फडक्याने थेंब पुसला. सगळे वाट बघत राहिले. दुसरा थेंब काही आला नाही.

"सकाळचाही असाच सांडलेला असणार," ती म्हणाली. "पुसायचा होता."

टेस्टला तिने त्याला नेलेच नाही. "दादा येतोय बरोबर. तुम्ही आलात तर नजरेनंसुद्धा आवळाल."

संध्याकाळी दारात हॉर्नवर हॉर्न वाजले. "पास!" ती आत येत ओरडली. नवऱ्याचे डोळेच भरून आले. आईने चहाचे आधण ठेवले. बायकोने नेहमीच्या सवयीने साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली.

झाकण हातात राहिले. बरणी खाली, साखर घरभर.

"मी सगळी झाकणं सैल करून ठेवली होती," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, तुला त्रास नको."

बायको हसता हसता खाली बसली. "अहो, बसला की थांबायचं म्हटलं होतं मी! बसायच्या आधी नाही!"

आईने गाळणे हातात घेतले. "म्हणजे आजही बिनसाखरेचाच."