डिस्कचे घरमालक

सबनीस सकाळी आले, की आधी विचारायचे, "पाहुणे गेले का रे?"

पहिल्या दिवशी मी भाबडेपणाने सांगितलं, "हो, मावशी कालच चिपळूणला गेली." शेजारच्या टर्मिनलवरची शुभदा हसून बेजार झाली. पाहुणे म्हणजे प्रोग्रॅम चालताना डिस्कवर तयार होणाऱ्या तात्पुरत्या फायली. काम झालं की त्या पुसायच्या. मी कधीच पुसत नसे.

अंधेरीतल्या आमच्या कंपनीत सगळ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर आणि एकच डिस्क. सबनीस तिचे राखणदार. मुलुंडला एका खोलीत सहा भावंडांबरोबर वाढलेला हा माणूस डिस्ककडे त्याच नजरेने बघायचा. "एवढी मोठी फाइल? पाय दुमडून झोपायला सांग तिला!" एकाच प्रोग्रॅमच्या दोन-तीन प्रती दिसल्या, की "काय रे, लग्नात वाटायच्यात?" स्वतः पन्नाशीला टेकलेले, एकटे. घरात म्हणे एक खुर्ची होती, ती पण घडीची.

माझी नोकरी कायम व्हायची होती, ती एका टेस्टवर. एका कारखान्याच्या पगाराचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. चार वाजता त्यांची माणसं बघायला येणार, त्याआधी सगळ्या कामगारांचा खोटा पगार काढून दाखवायचा. दुपारी टेस्ट लावली. अर्ध्यावर थांबली. पडद्यावर अक्षरं आली: डिस्कवर जागा नाही.

शहाण्याने विचार केला असता. मी रुसलेल्या स्कूटरला किक मारावी तशी टेस्ट पुन्हा चालवली. ती आधीपेक्षा लवकर थांबली. मग आणखी एक किक. फायली पुसायची ओळ मी प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी लिहिली होती, आणि शेवटापर्यंत टेस्ट पोचतच नव्हती. दरवेळचा अर्धवट पसारा डिस्कवर तसाच.

"काय केलंस रे? माझी फाइल सेव्हच होईना," शुभदा ओरडली. "सगळ्यांची वाट लावलीस!"

सबनीस धावत आले. "लग्न मोडलं, तरी वऱ्हाड जेवतंय तुझं!" म्हणत त्यांनी माझा पसारा उपसला. शुभदाच्याही जुन्या फायली गेल्या. टेस्ट लावली. शेवटच्या थोड्या कामगारांपाशी येऊन पुन्हा अडकली.

मग कोणी किती जागा व्यापली, ते आम्ही पडद्यावर काढलं. सर्वांत वर नाव होतं कामत. या नावाचं ऑफिसात कोणीच नव्हतं.

"हा कोण? उडवू?" मी बोट उचललं.

"हात काढ!" सबनिसांचा एवढा चढलेला आवाज मी आधी ऐकला नव्हता.

शुभदा हळूच म्हणाली, "अमेरिकेला गेलाय. केव्हाच. तो आणि सबनीस रोज एका डब्यातून जेवायचे."

"मग फ्लॉपीवर काढून ठेवू ना," मी म्हटलं.

"आपल्या हवेत फ्लॉपीला बुरशी लागते," सबनीस म्हणाले. "आणि तो आला, तर बसेल कुठे?"

"सबनीस, त्यानं तिकडे घर घेतलंय," शुभदा म्हणाली.

"म्हणून इथलं मोडायचं?"

घड्याळात तीन वाजून गेले होते. सबनिसांनी खुर्ची ओढली, चष्मा वर केला आणि पटापट काहीतरी टाइप केलं. यादीतलं त्यांचं स्वतःचं नाव तळाला गेलं. कंपनी सुरू झाल्यापासून त्यांनी लिहिलेलं सगळं, बुद्धिबळाच्या अर्धवट प्रोग्रॅमसकट, साफ.

"बघतोस काय? चालव."

टेस्ट शेवटच्या कामगारापर्यंत धावली. कारखान्याची माणसं आली, चहा प्यायली, माना डोलावून गेली. मी कायम झालो. साहेबांनी पाठ थोपटली ती माझी.

ऑफिस सुटताना सबनीस फडक्याने टर्मिनल पुसत होते. मी जवळ गेलो. "तुमचं सगळंच गेलं हो."

"माझं काय रे," ते काच पुसता पुसता म्हणाले, "मी इथेच आहे. पुन्हा लिहीन."