शामरावांचं बोलणं आणि लॅपटॉपचा अडॅप्टर

धनश्रीच्या लॅपटॉपचा अडॅप्टर विजेबरोबर आप्पांचं बोलणंही उतरवून द्यायचा, हे लवट्यांच्या घरात सोमवारी सकाळी कळलं.

तिचे आप्पा, म्हणजे शामराव लवटे, कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. माईक नसला तरी त्यांचं अडायचं नाही; असला तर माईकचीच धडगत नसायची. त्या सकाळी प्लग सोफ्यावर पडला होता आणि आप्पा त्याच्याशेजारी बसून ओरडत होते. धनश्रीच्या हातात अडॅप्टरचं दुसरं टोक होतं; त्याच्या बारीक पिनेतून तेच बोलणं हळू, सभ्य आवाजात बाहेर आलं.

तिनं अडॅप्टर उलटा करून मागचं वाचलं. “इनपुट शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. आप्पा बसतात यात.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

धनश्रीला गुवाहाटीत नोकरी लागली होती आणि होकार-नकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आप्पांना विचारल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता, आणि आप्पांचं काही ठरत नव्हतं. “जा की! कोण अडवतंय?” म्हणायचे, आणि तिनं बॅग काढली की, “न्हाई जायचं! एवढ्या लांब कोण आहे आपलं?”

“भिंतीतली वीज अशीच असते, आप्पा,” ती म्हणाली. “सारखी पुढं-मागं, पुढं-मागं. लॅपटॉपला ती चालत नाही. त्याला थोडी लागते आणि एकाच दिशेची लागते. मलापण.”

आप्पांना हे रास्त वाटलं. त्यांनी प्लग माईकसारखा धरला, घसा खाकरला.

“जा!”

“जा,” पिनेतून आलं.

“न्हाई जायचं!”

“जा.”

आप्पा ताडकन उठले. “ही पंचाची लबाडी आहे!”

“लबाडी नाही. आत चार बारक्या झडपा असतात. उलटा आला त्यालाही वळवून त्याच दारानं बाहेर सोडतात.”

आप्पांनी आणखी सात-आठ वेळा करून बघितलं. बसून, उभं राहून, एकदा तर विनवून. पलीकडून दर वेळी तेच आलं. मग ते खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती.

“मग माझं ‘न्हाई’ गेलं कुठं?”

धनश्रीनं अडॅप्टर त्यांच्या तळहातावर ठेवला. चांगलाच तापला होता.

आप्पांनी तो या हातातून त्या हातात घेतला. स्वयंपाकघरातून आईनं डोकावून बघितलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

“तिकडं थंडी असती का गं?”

“हिवाळ्यात असते.”

“कळव मग त्यांना, येते म्हणून.”

तिनं लगेच कळवलं. आप्पांनी प्लग पुन्हा तोंडाजवळ धरला आणि जेवायची हाक येईपर्यंत, अगदी मन लावून, “न्हाई जायचं, न्हाई जायचं” म्हणत अडॅप्टर तापवत बसले.