ज्वालामुखी पाहण्याची सुरक्षित पद्धत

निसर्गाचा कोप कुणाला चुकलेला नाही. पण तो रीतसर पाहिला, तर अंगाशी येत नाही. या शास्त्रात मोलाची भर घातली ती कुवेतमधल्या फिंतासच्या एका भाड्याच्या फ्लॅटने. कुवेतमध्ये ज्वालामुखी नाही, हे खरं. त्यामुळेच तिथे विचार शांतपणे करता आला.

विचार करणारे गृहस्थ म्हणजे जयदीप घैसास, मूळचे पुण्याचे, एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी सुरक्षेची सूत्रं हाती घेतल्यापासून आरतीत कापराने भाजण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं होतं. (कापूरच बंद केला होता.) दिवाळीत आधी वाळूच्या बादल्या, मग हेल्मेटं, मग जयदीपरावांचं भाषण, आणि मग फुलबाज्या, तोवर मुलं झोपलेली असत आणि अपघात शून्य. असा माणूस लाभायला भाग्य लागतं. ते श्यामलाबाईंना लाभलं होतं.

श्यामलाबाई जलीबजवळच्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी फळ्यावर त्या ज्वालामुखीचा छेद काढत: खाली लाल खडू, वर नारिंगी, धुरासाठी डस्टरचा एक हात. एकदा एका मुलीने विचारलं, "मिस, हॅव यू सीन वन?" तेव्हापासून तो प्रश्न त्यांना खुपत होता. म्हणून २००१च्या जुलैत टीव्हीवर सिसिलीचा एटना भडकलेला दिसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, या सुट्टीत पुण्याला जाताना जरा वाकडी वाट करू या का? मला तो एकदा डोळ्यांनी बघायचाय." लग्नानंतर त्यांनी हट्टाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. (वॉशिंग मशीन गरजेत मोडतं.)

जयदीपराव एका पायावर तयार झाले. मात्र त्यांची ओढ वेगळी होती. कुवेतच्या मराठी मंडळींत रिवाज असा, की परदेश पाहून आलेल्या कुटुंबाने शुक्रवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी, सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि कॅसेट दाखवायची. कॅसेट नसेल तर माणूस गेलाच नाही असं धरतात. गेल्या वर्षी हरिश्चंद्र मोघ्यांनी नायगारा आणला होता. त्याच्या तोडीचं म्हटलं तर ज्वालामुखीशिवाय काही उरलं नव्हतं.

आधी जहराबाहेरच्या वाळवंटात रंगीत तालीम झाली. ज्वालामुखीच्या भूमिकेत कोळशाची शेगडी. गाडी तोंड बाहेर करून उभी केली. कारखान्यात सगळ्या गाड्या तशाच लावतात, पळायला बरं पडतं. मग कामं वाटली गेली. चित्रण जयदीपराव करणार, मुलगी जुईली पट्टा बांधून गाडीत बसणार, आणि एकाने धोक्याकडे पाठ करून सुटकेच्या वाटेवर नजर ठेवायची. घैसास पद्धतीचा कणा तो हाच माणूस. तो मान श्यामलाबाईंना मिळाला. (मध्येच वाळवंटातला एक भटका बदू गाडी थांबवून कबाब कधी होतील ते विचारून गेला.)

"अहो, तिथेही मी पाठच करायची?"

"अगं, ही तर सगळ्यात जबाबदारीची जागा!"

"बाबा, धिस इज इनसेन," जुईली गाडीतून म्हणाली. सूचनेचं स्वागत करून ती फेटाळण्यात आली.

एटना मात्र मनापासून भडकला होता. पोलिसांनी आखून दिलेल्या हद्दीवर लोक पोरांना खांद्यावर घेऊन, आइस्क्रीम चाटत उभे होते. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. त्यांच्या अज्ञानाची जयदीपरावांना कीव आली. पोलिसांच्या अंतरात त्यांनी स्वतःचं आणखी तेवढंच अंतर मिळवलं आणि गॉगल, मास्क, हेल्मेटांसह कुटुंब मागे तैनात केलं. काही पर्यटकांनी डोंगर सोडून यांचेच फोटो काढले.

अंधार पडू लागला तसं आभाळ तांबडं झालं. जमीन गुरगुरली, आणि पुढच्या गर्दीतून एकच मोठा 'आ' निघाला. श्यामलाबाई रस्त्याकडे बघत होत्या. रस्त्यावर काहीही घडत नव्हतं. मान जरा वळली की कॅमेऱ्यामागून आवाज येई, "श्यामला, वाट! नाहीतर मला शूटिंग बंद करावं लागेल." त्यांना वाटलं, होईल आत्ता यांचं, मग डोळे भरून बघू. बॅटरी संपली तेव्हा ढग उतरले होते आणि डोंगर होता की नव्हता, तेही कळेना. पहाटे विमान होतं. श्यामलाबाईंना रडू आलं. गॉगलमुळे डोळ्यांचं उत्तम संरक्षण झालं. तसा उघड्या डोळ्यांनी जयदीपरावांनीही तो पाहिला नाही. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरच्या इवल्या पडद्यावर पाहिला, काळा-पांढरा.

फिंतासच्या गुरुवारी मात्र कॅसेटने मैदान मारलं. मोघे गप्प बसले, आणि मोघे गप्प बसणं हा तिथला सर्वोच्च पुरस्कार आहे. लता मोघेंनी विचारलं, "श्यामला, खरंच गं, प्रत्यक्षात कसा असतो?"

"आवाज छान येतो," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या टीव्हीला पाठ करून पुऱ्या तळत होत्या.

शेवटी मोघ्यांनी हार खिलाडूपणे मानली. "घैसास, तो मोठा भडका थांबवून ठेवा. ज्वालामुखीसोबत एक ग्रुप फोटो झालाच पाहिजे!" सगळी मंडळी टीव्हीला पाठ करून दाटीवाटीने उभी राहिली. फोटो कुणी काढायचा? "श्यामला काढेल की, तिने तर बघितलाय."

श्यामलाबाईंनी हात पुसून कॅमेरा घेतला. डोक्यांच्या फटीतून पडद्यावर काहीतरी नारिंगी थरथरत होतं.

"मोघे, खाली बसा. लता, डावीकडे. अजून. अहो, तुम्हीही सरका. अजून सरका हो!"

हळूहळू मंडळी दोन्ही भिंतींना टेकली आणि मधला पडदा मोकळा झाला. नारिंगीच्या पोटात पिवळं होतं. फळ्यावर त्यांनी पिवळा खडू कधी वापरलाच नव्हता. सगळे दात दाखवून उभे होते. श्यामलाबाईंनी कॅमेरा खाली घेतला. "कुणी हलू नका," त्या म्हणाल्या, आणि बघत राहिल्या.

वाचकांना या मंडळींचं हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की कपाटातला अल्बम काढावा आणि कन्याकुमारीचा सूर्योदय उघडावा. आपण सगळे त्यात आहोत, ओळीत, छान हसत, सूर्याकडे पाठ करून. सूर्योदय पाहिला तो एका परक्या माणसाने, ज्याच्या हातात आपण "जरा एक फोटो काढता का?" म्हणत कॅमेरा दिला होता.