वाट पाहण्याचा मूळ लेखक

वैजनाथ डुबलने लिहिलेलं ‘संध्याकाळ’ हे प्लगिन घराच्या मीटरपेटीत बसवलं की दिवसाच्या कुठल्याही वेळी त्या घरात संध्याकाळ होई. अडचण फक्त परवान्यांची होती.

प्लगिनचे तीन भाग होते. उजेड वैजनाथने स्वतः लिहिला होता. आवाज, म्हणजे शेजारची फोडणी, पोरांना घरात बोलावणाऱ्या बाया, लांबून येणारी एखादी सायकल, हे सगळं त्याने सार्वजनिक भांडारातून घेतलं होतं. तिथे ते कुणा निवृत्त मास्तरांनी ठेवलेलं होतं. तिसरा भाग वाट पाहण्याचा. तो त्याच्या शाळेत असलेल्या केतकी ओतारीने लिहिला होता. लिस्बनला जायच्या आदल्या दिवशी तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला आणि तुझ्या कामाला येईल, एवढंच म्हणाली. तिसऱ्या भागाशिवाय बसवलं तर घरातली माणसं वर बघत आणि आभाळ आलंय का, असं विचारत. तो भाग जोडला की कुणीतरी हातातलं काम खाली ठेवून दाराकडे कान देई. तेव्हा कुठे ती संध्याकाळ होई.

वैजनाथ स्वतःच्या घरात ते चार वर्षं वापरत होता. त्याला कुणाची हरकत नव्हती. घरात वापरायला परवाने आडवे येत नाहीत, दुसऱ्याला द्यायला येतात.

आणि दुसरे मागायला आले. विट्याच्या यंत्रमाग कॉलनीतल्या चाळीस घरांतली माणसं दुसऱ्या पाळीला होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. आठवड्याची सुट्टी झोपेत जायची. घरातली संध्याकाळ कशी असते हे रंगराव भंडारेंना सतरा वर्षांत नीटसं आठवत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सकाळी अकराला संध्याकाळ झाली तर बायकोपाशी घटकाभर बसता येईल, जेवता येईल, आणि मग उन्हात कामाला जाता येईल. वैजनाथने मान हलवली. तो नववीत शाळा सोडून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलेला मुलगा, त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. शिवाय प्लगिन मोकळंच ठेवायचं, कुणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, हवं तसं बदलावं, असं त्याने आधीपासून ठरवलं होतं.

तहसील कचेरीच्या पहिल्या मजल्यावर परवाना जुळणी कक्ष आहे. तिथल्या मुजावर मॅडमनी तिन्ही भाग एका दुपारी तपासले. मास्तरांच्या आवाजांची अट अशी होती, की हे ज्याला जोडाल ते सगळंच घेणाऱ्याला बदलता आलं पाहिजे. केतकीच्या भागाची अट अशी होती, की नाव ठेवावं आणि काहीही बदलू नये.

“दोघं एका पाकिटात जाऊ शकत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “एकजण म्हणतो सगळं बदलू द्या, दुसरी म्हणते हात लावू नका. दोघांचंही बरोबर आहे.”

उपाय दोन होते. तो भाग काढून नवा लिहायचा, नाहीतर लेखिकेकडून दुसरा परवाना आणायचा. वैजनाथने पहिला उपाय धरला, कारण दुसऱ्यात पत्र लिहावं लागणार होतं. आठ दिवस खपून त्याने स्वतःचं वाट पाहणं लिहिलं आणि कक्षात जमा केलं. मॅडमनी ते केतकीच्या भागाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिलं. मान वळवण्याचा वेग तोच, मध्येच खाली बघणं तेच, पुन्हा वर बघायला लागणारा वेळही तोच. ही नक्कल आहे, असा शेरा मारून त्यांनी कागद परत दिला. वैजनाथ म्हणाला, मी बघून लिहिलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, सगळे तसंच म्हणतात.

मग त्याने पत्र लिहिलं. म्हणजे कक्षाचा छापील नमुना भरला. ‘कळविण्यात येते की’ने सुरू होणारं वाक्य त्याला आधार वाटलं. खाली थोडी जागा उरली होती, तिथे तू बरी आहेस ना, असं लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं वाचता येत होतं, म्हणून नवा नमुना मागून घेतला.

रंगराव रोज पाळीला जाताना दुकानाशी थांबत. “काय वैजू, आमची संध्याकाळ कागदातच बुडाली म्हणायची?” असं विचारत. वैजनाथ तांब्याची तार गुंडाळत हसल्यासारखं करी.

एकोणसाठाव्या दिवशी उत्तर आलं. ते नियमाप्रमाणे कक्षाच्या पत्त्यावर आलं होतं, आणि नियमाप्रमाणेच मॅडमनी ते अर्जदारासमोर मोठ्याने वाचलं.

“दुसरा परवाना देता येत नाही, कारण हा भाग माझा नाही,” केतकीने लिहिलं होतं. “वैजनाथने शाळा सोडल्यावर तो रोज पाच वाजता शाळेच्या फाटकासमोरच्या सायकलच्या दुकानात हवा भरायला यायचा. टायरमध्ये हवा असायचीच. तो आधी फाटकाकडे बघायचा, मग चाकाकडे, मग पुन्हा फाटकाकडे. मी वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीतून वर्षभर ते उतरवून घेतलं. बदलू नये असं लिहिलं, कारण दुसऱ्याच्या वस्तूत बदल करायची परवानगी मी कशी देणार? तो कुणाची वाट बघायचा ते मला कधी कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.”

मॅडमनी पत्र फाइलला लावलं. वैजनाथ टेबलाच्या कडेकडे बघत होता.

“म्हणजे तुमची ती नक्कल नव्हती,” मॅडम म्हणाल्या. “शेरा मागे घेते. मूळ लेखक तुम्ही. आता तुम्हीच परवानगी द्या, अट मोकळी ठेवा, भांडण मिटलं.”

त्यांनी मूळ लेखकाच्या घोषणेचा नमुना पुढे सरकवला. त्यात नाव, वय, शिक्षण हे सोपं होतं. चौथा रकाना होता, ‘वाट कोणाची’. त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, की या रकान्यातल्या व्यक्तीस प्रत पाठवली जाईल आणि तीस दिवसांत तिची हरकत मागवली जाईल.

वैजनाथने विचारलं, रकाना मोकळा सोडला तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, मग ते वाट पाहणं राहत नाही, नुसतं उभं राहणं होतं. त्याला वेगळा नमुना आहे.

त्याने विचारलं, खोटं नाव टाकलं तर. “चालू करून बघितलं की कळतं,” मॅडम म्हणाल्या. “माणूस भलत्याच दाराकडे बघतो.”

तो घरी गेला. आठ दिवस कचेरीकडे फिरकला नाही. रंगरावांनी त्या आठवड्यात थट्टा केली नाही. फक्त एवढं सांगितलं, की बायकोने अकराच्या संध्याकाळसाठी म्हणून बसायला एक घोंगडी दारात टाकून ठेवली आहे, रोज टाकते आणि ते गेले की उचलते. वैजनाथने हातातली मोटार बाजूला ठेवली. तसाच कचेरीत गेला आणि उभ्याउभ्या चौथ्या रकान्यात लिहिलं, केतकी ओतारी. अक्षर इतकं बारीक आलं, की मॅडमनी चष्मा बदलला. मग त्या नावाकडे आणि त्याच्याकडे एकदा बघून त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर एक टपाल वाचलं असतं.”

प्रत लिस्बनला गेली. पोचल्याची पावती आली, तिच्यावर केतकीची सही होती. तीस दिवसांत हरकत आली नाही. दुसरंही काही आलं नाही. मौन ही संमती धरण्यात येते, असा नियम आहे, आणि ती कशाची, हे नियमात लिहिलेलं नाही.

एकतिसाव्या दिवशी चाळीस मीटरपेट्यांत प्लगिन बसलं. सकाळी अकराला कॉलनीवर पिवळा उजेड उतरला, फोडण्या वाजल्या, आणि चाळीस घरांत कुणीतरी हातातलं ठेवून दाराकडे कान दिला. आता वाट कोणाची ते ठरलेलं होतं, त्यामुळे सगळे केतकीचीच वाट बघत होते. तिला त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. बायका एक भाकरी जास्त थापू लागल्या. प्लगिन मोकळं होतं, नाव कुणालाही बदलता आलं असतं. तसा अर्ज कुणी केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात वैजनाथ बरोबर अकराला काही बिघाड तर नाही ना, ते बघायला कॉलनीत गेला. रंगराव दारातल्या घोंगडीवर बसले होते. आत ताटं वाढलेली होती. त्यांनी त्याला सरकून जागा दिली. बराच वेळ दोघं रस्त्याकडे बघत राहिले.

“ती यायची झाली तर कुठनं यील रं?” रंगरावांनी विचारलं. “म्हंजे त्या अंगाला तोंड करून बसावं.”

वैजनाथने स्टँडाच्या बाजूला बोट दाखवलं. रंगराव घोंगडी उचलून तिकडे वळले.

“जेवून घेऊ का थांबू?”

“थांबा थोडं,” वैजनाथ म्हणाला.